एक रस्ता, चार नावं: प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटचं नामांतर

१८९३ साली व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात राहायला आले. रोज फिरायला जाताना वाटेत ट्रान्सवाल या तिथल्या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतकारांच्या, प्रजासत्ताकाचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांचं घर लागे. घर इतकं साधं, की दारावरच्या पहारेकऱ्यामुळेच ते कुणा मोठ्या माणसाचं आहे हे कळावं. हिंदी माणसाने पायवाटेवरून चालायचं नाही आणि रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असे तिथले नियम होते. एके दिवशी पहारेकऱ्याने एक शब्दही न बोलता गांधींना धक्का दिला, लाथ मारली आणि पायवाटेवरून खाली रस्त्यावर ढकललं.

ते घर आजही आहे, संग्रहालय म्हणून. ज्या रस्त्यावर ते आहे तो चर्च स्ट्रीट, शहराचा हमरस्ता. आज मात्र त्या घराचा पत्ता आहे ६०, डब्ल्यू. एफ. न्कोमो स्ट्रीट. डॉ. विल्यम न्कोमो हे कृष्णवर्णीय डॉक्टर. क्रूगरांच्या राज्यात त्यांनाही त्या पायवाटेवर पाय ठेवता आला नसता.

हा बदल कसा झाला, कुठे अडला आणि कुठे चुकला, त्याचा हा प्रकरण अभ्यास. सार्वजनिक पदावरच्या व्यक्ती, संस्था आणि न्यायालयं यांची नावं दिली आहेत. रहिवासी, दुकानदार आणि अर्जदार यांची ओळख इथे येत नाही, आणि प्रकरण समजायला तिची गरजही नाही.

पार्श्वभूमी: रस्ता

१८५५ मध्ये मार्टिनस प्रिटोरियस यांनी हे गाव वसवलं आणि त्याला वडिलांचं नाव दिलं. वडील अँड्रिस प्रिटोरियस म्हणजे १८३८ साली ब्लड रिव्हरच्या लढाईत झुलू सैन्याचा पराभव करणारे बोअर सेनानी. गावाचं नावच एका विजयाची आठवण होतं. मधोमध चर्च, त्याभोवती चौक, आणि चौकातून काटकोनात निघणारे रस्ते. पूर्व-पश्चिम धावणारा तो चर्च स्ट्रीट, बोअरांच्या आफ्रिकान्स भाषेत केर्कस्ट्राट. सामुदायिक प्रार्थनेच्या दिवसांत लांबलांबचे शेतकरी बैलगाड्या जुंपून येत, चौकातच मुक्काम ठोकत, आणि प्रार्थनेबरोबर बाजारहाट, सोयरिकी, सगळं उरकून घेत. आपल्याकडच्या यात्रेसारखंच. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चौकातलं चर्च पाडलं, तरी चौकाचं आणि रस्त्याचं नाव राहिलं.

त्यानंतर या रस्त्याने जे पाहिलं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नामांतराचा वाद त्याच्याशिवाय समजत नाही.

चौकाच्या पूर्वेला टेकडीवर हर्बर्ट बेकर यांनी बांधलेल्या युनियन बिल्डिंग्ज १९१३ मध्ये पूर्ण झाल्या. त्याच्या आदल्याच वर्षी नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. प्रिटोरियात पंतप्रधान जनरल बोथा आणि मंत्री जनरल स्मट्स यांना भेटून, गिरमिटमुक्त हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा जाचक कर रद्द होईल असा समज घेऊन ते परतले. कर रद्द झाला नाही, आणि १९१३ चा मोठा सत्याग्रह त्यातूनच पेटला.

९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया याच युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांवर पासची, म्हणजे शहरात वावरायच्या परवान्याची, सक्ती होणार होती, तिच्या विरोधात. पुढे चौघी होत्या: लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स. पंतप्रधान स्ट्रायडम भेटायला आले नाहीत. सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कार्यालयात ठेवून त्या स्त्रिया अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या.

यातल्या हेलन जोसेफ मूळच्या इंग्लंडच्या. दक्षिण आफ्रिकेत येण्याआधी त्या आपल्याकडे हैदराबादच्या मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. १९६२ मध्ये नजरकैदेत घरीच डांबल्या गेलेल्या त्या त्या देशातल्या पहिल्या व्यक्ती.

स्ट्रायडम १९५८ मध्ये वारले. पुढे चर्च स्ट्रीटलगत त्यांच्या नावाचा चौक झाला आणि त्यात त्यांचं प्रचंड शिर उभारलं गेलं. त्यांना न भेटताच परत गेलेल्या स्त्रियांना बाजारात जाता-येता ते दिसत राहणार होतं. १९८८ मध्ये याच चौकात एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने दिसेल त्या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या. आणि ३१ मे २००१ रोजी ते शिर कोसळलं. कुणी पाडलं नाही. खालचा आधारच खचला. १९६१ मध्ये गोऱ्यांचं प्रजासत्ताक जाहीर झालं तीही ३१ मेच. चाळीस वर्षं पुरी होत असतानाच डोकं खाली आलं. पुढे चौकाला लिलियन न्गोयींचं नाव मिळालं.

रस्त्याच्या आठवणी एकाच बाजूच्या नाहीत. २० मे १९८३ च्या संध्याकाळी वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने हवाई दलाच्या मुख्यालयाबाहेर, चर्च स्ट्रीटवरच, मोटारबॉम्ब उडवला. बॉम्ब नेणाऱ्या दोघांसह १९ जण मेले, दोनशेहून अधिक जखमी झाले. अनेक गोऱ्या कुटुंबांच्या मनात 'चर्च स्ट्रीट' म्हटलं की तीच संध्याकाळ उभी राहते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

पेच

१९९४ मध्ये सगळ्यांच्या मतांवर सरकार आलं. २००० मध्ये प्रिटोरिया आणि भोवतालच्या वस्त्या मिळून त्श्वाने महापालिका झाली. जिथल्या माणसांना पूर्वी पास दाखवून शहरात यावं लागे, त्या मामेलोडी आणि अ‍ॅटरिजव्हिलसारख्या वस्त्या आता त्याच पालिकेत होत्या, आणि सभागृहात त्यांचे नगरसेवक होते. मध्यवस्तीतल्या हमरस्त्यांवर मात्र पाट्या तशाच. बोअर सेनानी, बोअर अध्यक्ष, एखादी डच राणी. पश्चिमेच्या माराबास्टाडमध्ये दुकानं थाटून बसलेल्या हिंदी कुटुंबांना वंशानुसार वस्ती-विभागणीच्या कायद्याखाली शहराबाहेर लॉडियमला हलवलं गेलं होतं. मध्यवस्तीतल्या हमरस्त्यांच्या पाट्यांवर त्यांच्या पिढ्यांची खूण नव्हती.

दुसऱ्या बाजूला आफ्रिकान्सभाषक. सत्ता गेली, पूर्वीचं भाषेचं वजन गेलं. प्रिटोरिया हे त्यांचं पिढ्यांचं शहर. आता रस्त्यांची नावंही जाणार म्हटल्यावर त्यांच्यातले बरेच जण हवालदिल झाले. ही भीती सगळी खरी होती असं मी म्हणत नाही. तिच्यात जुना माज मिसळलेला होता. पण सगळी खोटीही नव्हती.

यात एक पेच खास चर्च स्ट्रीटचा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्वीन विल्हेल्मिना किंवा डी. एफ. मलान ही नावं का बदलायची, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. मलान तर वर्णभेदाचं राज्य आणणारे पंतप्रधान. पण 'चर्च' हा कुणा जुलमी माणसाचा गौरव नव्हे. चर्चमध्ये काळे जात आणि गोरेही जात, जरी वेगवेगळ्या दारांनी. मग हे नाव का बदलायचं? उत्तर सरळ आहे. हा शहराचा हमरस्ता आहे, आणि ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांची नावं गावाच्या मध्यावर यायला हवीत. गल्लीबोळात नवी नावं देऊन ते साधत नाही. मला हा युक्तिवाद पटतो. पण पालिकेने तो पुरेसा मांडला नाही. सगळी नावं एकाच यादीत घातली, आणि मलानचं नाव व चर्चचं नाव एकाच पारड्यात गेलं. विरोधकांना मग यादीतल्या सगळ्यात निरुपद्रवी नावाकडे बोट दाखवून अख्ख्या यादीवर झोड उठवायला वाव मिळाला.

कायद्याची चौकटही समजून घ्यायला हवी. तिथे गावाचं नाव बदलायचं तर भौगोलिक नामकरण परिषद आणि राष्ट्रीय मंत्री यांच्यापर्यंत जावं लागतं. रस्त्याचं नाव मात्र पालिकेच्या हातात. आपल्याकडेही साधारण असंच आहे. रस्त्याला पालिकेचा ठराव पुरतो, गावाचं नाव बदलायला राज्य सरकार आणि केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते. म्हणूनच शहराचं नाव आजही प्रिटोरिया आहे आणि महापालिकेचं त्श्वाने. रस्ते बदलता आले, कारण ते पालिकेच्या अधिकारातलं होतं.

समोर असलेल्या वाटा

अशा वेळी कोणत्याही पालिकेपुढे चार-पाच वाटा असतात. इथेही होत्या.

काहीच न करणं ही पहिली. तिच्यात दिसायला खर्च नाही, पण ज्यांनी १९९४ मध्ये पहिल्यांदा मतदान केलं त्यांना रोज क्वीन विल्हेल्मिनाच्या रस्त्यावरून कामाला जावं लागणार.

नवी नावं फक्त नव्या रस्त्यांना द्यायची, ही दुसरी. पुष्कळ शहरं हीच निवडतात. तिच्यात कुणी दुखावत नाही, पण शहराचा मध्य जुनाच राहतो आणि स्वातंत्र्यसैनिकांची नावं नव्या वसाहतींच्या कडेला जातात.

जुनी आणि नवी नावं कायमची सोबत ठेवायची, ही तिसरी. आपल्याला ती चांगलीच ओळखीची आहे, कारण आपण ठरवून नसली तरी सवयीने तिच्यातच जगतो. मुंबईत पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. पेडर रोडचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग झालं, टॅक्सीवाल्याला सांगताना मात्र पेडर रोडच. आणि ज्या गोखल्यांची वर आठवण निघाली, त्यांच्याच नावाचा पुण्यातला नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ कितीजणांना ठाऊक आहे? सगळे एफ. सी. रोड म्हणतात.

संपूर्ण रस्त्याला एकच नवं नाव, ही चौथी वाट. आणि रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं नाव, ही पाचवी.

पालिकेने पाचवी निवडली.

काय केलं

काही वर्षं चाललेल्या चर्चा, प्रभागांतल्या सभा आणि मागवलेल्या हरकती-सूचना यांनंतर २०१२ मध्ये पालिकेने ठराव करून दोन डझनांहून अधिक रस्त्यांची नावं बदलली. चर्च स्ट्रीटचे चार भाग झाले. अगदी पश्चिमेचा भाग रिव्होनिया खटल्यात मंडेलांसोबत जन्मठेप झालेल्या एलियास मोत्सोआलेदी यांच्या नावे. तिथून चर्च चौकापर्यंतचा डॉ. न्कोमो यांच्या नावे. चौकापासून नेल्सन मंडेला ड्राइव्हपर्यंतचा हेलन जोसेफ यांच्या, आणि त्यापुढचा पूर्वेचा स्टॅन्झा बोपापे यांच्या.

नावांची निवड विचारपूर्वक होती, हे इथे आवर्जून सांगतो. न्कोमो हे १९४४ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची युवा शाखा स्थापन करणाऱ्यांपैकी, आणि प्रिटोरियाच्याच काळ्या वस्तीतले डॉक्टर. लिलियन न्गोयींच्या चौकाला लागून असलेला रस्ता हेलन जोसेफ यांचा झाला. १९५६ च्या मोर्चातल्या दोघी पुन्हा शेजारी आल्या. स्टॅन्झा बोपापे मामेलोडीचे तरुण कार्यकर्ते. जून १९८८ मध्ये पोलिसांच्या ताब्यात विजेचे झटके देताना मेले. पोलिसांनी 'कैदी पळाला' असं सांगितलं आणि प्रेत कोमाटी नदीत टाकलं. खरं काय ते बाहेर आलं वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगापुढे, दहा वर्षांनी. प्रेत मिळालं नाही. ज्याला थडगंसुद्धा नाही त्याचं नाव शहराच्या एका लांबलचक रस्त्यावर आलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

इतर बदलांमधला एक आपल्या लोकांच्या जवळचा. चार्ल्स स्ट्रीट झाला जस्टिस महोमेद स्ट्रीट. इस्माईल महोमेद यांचा जन्म १९३१ चा, प्रिटोरियातलाच, हिंदी वंशाच्या कुटुंबातला. वकील असताना ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयात युक्तिवाद करायला जात, पण रात्री त्या प्रांतात मुक्काम करायची त्यांना बंदी, कारण तिथे हिंदी माणसाने राहणं बेकायदा होतं. पुढे तेच देशाचे सरन्यायाधीश झाले.

आणि काही नावं राखली. पॉल क्रूगर स्ट्रीट तसाच आहे, प्रिटोरियस स्ट्रीट तसाच, चर्च चौक तसाच, आणि चौकातला क्रूगरांचा पुतळाही तिथेच. बाहेरून बघणाऱ्याला 'सगळं पुसलं' असं वाटतं, तसं झालेलं नाही. पण पालिकेने काय ठेवलं हे मोठ्याने सांगितलं नाही, आणि विरोधकांना तर ते सांगायचंच नव्हतं.

पाट्या लावताना संक्रमणाचा काळ ठेवला होता. नव्या नावाखाली जुनं नाव राहील, म्हणजे टपाल, पाहुणे, रुग्णवाहिका यांची गफलत होणार नाही. हा निर्णय शहाणपणाचा. पण जुन्या नावावर आडवी लाल रेघ मारली.

या लाल रेघेपाशी मी बराच वेळ अडलो. वाहतुकीच्या भाषेत रेघ म्हणजे 'आता हे नाही', एवढाच अर्थ. पण माणसाच्या, गावाच्या नावावर काट मारलेली पाटी महिनोन्महिने चौकाचौकांत लटकते तेव्हा तिचा अर्थ तेवढाच राहत नाही. शाळेत चुकलेल्या उत्तरावर मारतात तशी ती दिसते. हेच जुनं नाव बारीक अक्षरांत 'पूर्वीचा चर्च स्ट्रीट' असं लिहिलं असतं तर काम तेच झालं असतं.

न्यायालय

आफ्रिकान्सभाषकांच्या बाजूने उभी राहणारी आफ्रिफोरम ही संघटना न्यायालयात गेली. तिचं मुख्य म्हणणं असं: लोकांचा सहभाग कायद्याला हवा तसा घेतला गेला नाही, म्हणून ठरावच तपासला जावा. आणि तोवर जुन्या पाट्या काढू नयेत. २०१३ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. ज्या जुन्या पाट्या काढल्या असतील त्या परत लावा, असंही सांगितलं. पालिका वर गेली. सर्वोच्च अपील न्यायालयाकडून दिलासा मिळाला नाही, आणि प्रकरण संविधान न्यायालयात पोचलं.

२१ जुलै २०१६ रोजी निकाल लागला. प्रश्न 'नामांतर बरोबर की चूक' असा नव्हताच. मूळ तपासणी बाकीच होती. प्रश्न एवढाच होता की ती होईपर्यंत जुन्या पाट्या राहिल्या नाहीत तर अर्जदारांचं भरून न येणारं नुकसान होईल का. सरन्यायाधीश मोगोएंग मोगोएंग यांनी बहुमताचा निकाल लिहिला: नाही होणार. उद्या तपासणीत ठराव रद्द झाला तर जुन्या पाट्या पुन्हा लावता येतील. त्यात लाकूड, पत्रा आणि पैसे जातील, पण ते भरून न येणारं नुकसान नव्हे. शिवाय पालिकेच्या अधिकारात न्यायालयाने तात्पुरत्या हुकमाने शिरायचं तर कारण फार ठोस हवं. आणि जुन्या नावांमध्ये एकाच समाजाचा इतिहास भरलेला असताना तो जाईल म्हणून होणारी वेदना त्या पारड्यात किती वजनाची, हेही त्यांनी बघितलं. मनाई उठली.

फ्रोनमन आणि कॅमेरॉन या दोन न्यायमूर्तींनी वेगळा निकाल लिहिला. दोघेही गौरवर्णीय, आणि बहुमतातले सगळे कृष्णवर्णीय. त्यावर तिथे बरंच बोललं गेलं. पण कॅमेरॉन हे वर्णभेदाच्या काळात मानवी हक्कांसाठी लढलेले वकील. त्यांना जुन्या राजवटीचा कैवार होता असं म्हणता येणार नाही. त्यांची चिंता अशी: जुलमाच्या काळाशी धागा जुळलेली कोणतीही सांस्कृतिक आठवण संविधानाच्या संरक्षणाबाहेरच, असा अर्थ जर या निकालातून निघाला, तर 'हा देश इथे राहणाऱ्या सगळ्यांचा आहे' या संविधानाच्या प्रस्तावनेतल्या वचनाचं काय?

माझं मत बहुमताच्या बाजूने आहे. पाटी परत लावता येते, हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. तरी अल्पमताचा प्रश्न खोडून काढता येत नाही. वेदना अस्सल आहे की जुन्या हक्काची सवय आहे, हे कोणतं न्यायालय कसं ठरवणार?

निष्पत्ती

नावं टिकली. नकाशांवर, सरकारी पत्त्यांवर, इमारतींच्या दारांवर नवी नावं आली. जमिनीच्या कागदपत्रांचा घोळ झाला नाही, कारण तिथे मालकीची नोंद भूखंडाच्या क्रमांकावर चालते, रस्त्याच्या नावावर नाही. आपल्याकडे सातबारा गट क्रमांकावर चालतो तसंच. नामांतराला विरोध करताना 'कागदपत्रं बदलत बसावी लागतील' हे नेहमी म्हटलं जातं. त्यातला बराचसा भाग इथे लागू नव्हता, पण ते आधी कुणी समजावून सांगितलं नाही.

त्रास झाला तो पत्ता सांगण्याचा. पूर्वी एकच नाव सांगितलं की पश्चिमेपासून पूर्वेपर्यंतचा अख्खा रस्ता समजे. आता सरळ रेषेत चालताना तीनदा नाव बदलतं.

चौकातल्या क्रूगरांच्या पुतळ्यावर २०१५ मध्ये रंग फेकला गेला आणि त्याभोवती कुंपण आलं. नावांचा वाद मिटला म्हणून आठवणींचा मिटत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा यादीची. मी असतो तर नावांचे दोन गट केले असते. वर्णभेद आणि वसाहतीचे कर्ते असलेल्यांची नावं आधी, एका ठरावात, त्या प्रत्येकाचं कारण एका परिच्छेदात लिहून. 'चर्च'सारखी तटस्थ नावं नंतर, वेगळ्या चर्चेने. दुसऱ्या गटाला दोन-तीन वर्षं जास्त लागली असती. पण पहिला गट दुसऱ्याच्या कुबड्या न घेता स्वतःच्या पायावर उभा राहिला असता.

दुसरी जागा तुकड्यांची. चौघांना मान देण्याच्या हेतूने रस्ता तीन ठिकाणी तोडला. मला हे पटत नाही. हमरस्त्याची किंमतच त्याच्या अखंडपणात असते. मुक्कामाच्या बैलगाड्या, १९५६ चा मोर्चा, १९८३ चा स्फोट, कोसळलेलं शिर, हे सगळं एकाच रस्त्यावर किंवा त्याच्या लगत घडलं. एकाच नावाखाली ते एकत्र राहिलं असतं. एकच नाव निवडायचं तर मी बोपापे यांचं सुचवलं असतं. बाकी तिघांसाठी त्याच रस्त्यावरचे चौक होते. न्गोयींसाठी चौक झालाच ना, मग तीच रीत पुढे चालवता आली असती.

तिसरी जागा हरकती-सूचनांची. न्यायालयात सगळा वाद फिरला तो 'लोकांना पुरेसं विचारलं का' याभोवती. जे रस्ते बदलायचे त्या प्रत्येक रस्त्यावरच्या दुकानदारांची आणि रहिवाशांची सभा, तिचं इतिवृत्त, कोणती हरकत का मान्य केली आणि कोणती का नाही याची लेखी उत्तरं, हे सगळं एकत्र बांधून ठरावाबरोबर प्रसिद्ध केलं असतं, तर खटला तरीही झाला असता, पण त्याचं बळ निम्मं झालं असतं. आपल्या नगरपरिषदांमध्ये नामकरणाचा विषय बहुतेक वेळा ऐनवेळच्या विषयांत येतो आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. ज्यांनी तो आणला त्यांना त्या दिवशी तो मोठा विजय वाटतो. नंतर कुणी न्यायालयात गेलं तर दाखवायला काहीच हाती नसतं.

चौथी जागा लाल रेघेची. तिच्याबद्दल वर लिहिलं आहेच.

पाचवी मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते: पाटीवर काय लिहायचं. नुसतं 'स्टॅन्झा बोपापे स्ट्रीट' वाचून शहरात नव्याने आलेल्याला काय कळणार? पाटीखाली एक ओळ हवी होती: मामेलोडीचा तरुण, १९८८ मध्ये पोलिस कोठडीत मारला गेला, हा पूर्वीचा चर्च स्ट्रीट. एवढ्या एका ओळीत नवं नाव का आलं ते सांगितलं गेलं असतं आणि जुनं नावही राहिलं असतं. मराठी गावांत निदान चौकातल्या पुतळ्याखाली जन्म-मृत्यूच्या तारखा असतात. रस्त्याच्या पाटीवर त्याही नसतात. फर्ग्युसन रस्त्यावरून रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींना गोखले पथाच्या पाटीखाली एवढं जरी वाचायला मिळालं, की हे गृहस्थ १९१२ मध्ये प्रिटोरियात जाऊन तिथल्या हिंदी मजुरांच्या करासाठी दोन जनरलांशी बोलले, तर पुढच्या वेळी पत्ता सांगताना त्यांच्यातलं कुणीतरी एफ. सी. रोडबरोबर गोखल्यांचंही नाव घेईल.